काडतूस उकलणारी हातोडी : अवजार चांगले, पण आपल्या कपाटासाठी नव्हे

भरलेल्या काडतुसातून गोळी आणि दारू पुन्हा बाहेर काढण्यासाठी अमेरिकेत एक हातोडी मिळते. तिकडे तिला ‘इनर्शिया बुलेट पुलर’ म्हणतात. या लेखात मी तिला नुसती हातोडी म्हणेन. परभणी-हिंगोलीकडच्या माझ्या ओळखीच्या काही बंदूक-परवानाधारकांच्या मोबाइलवर या हातोडीच्या चित्रफिती येत असतात आणि त्यांच्या मागोमाग प्रश्न येतो, की आजोबांच्या काळातली काडतुसे घरात पडून आहेत, तर ही हातोडी मागवून ती उकलून पाहावीत काय. टेक्सासात राहणारा माझा पुतण्या नेमबाजीच्या सरावासाठी स्वतःची काडतुसे घरी भरतो. त्याच्याकडे मुक्कामाला असताना मी ही हातोडी त्याच्या देखरेखीखाली हाताळली, तिच्यासोबतचे सूचनापत्रक वाचले आणि याच कामाचे दुसऱ्या धाटणीचे अवजारही पाहिले. त्यावरून बनलेले माझे मत आधीच सांगून टाकतो. अवजार म्हणून हातोडी उत्तम आहे; मात्र ज्या कामासाठी ती बनवली, ते काम आपल्याकडे निर्मितीच्या परवान्याशिवाय घरी करता येत नाही, आणि ज्या कामासाठी आपल्याकडच्या लोकांना ती हवीशी वाटते, त्या कामासाठी ती बनवलेलीच नाही.

दिसायला ती साधी आहे. दांड्याला पारदर्शक, जाड प्लॅस्टिकचे पोकळ डोके असते आणि त्याच्या एका टोकाला आट्यांचे झाकण असते. झाकणाखाली तीन पाकळ्यांची, रबरी कड्याने एकत्र धरलेली धातूची पकड बसते. काडतुसाच्या बुडाची कड या पाकळ्यांत अडकवायची, गोळीचे टोक डोक्याच्या पोकळीकडे ठेवायचे, झाकण घट्ट करायचे आणि हातोडीची दुसरी बाजू लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायची. आपटताक्षणी डोके थांबते आणि पाकळ्यांत अडकलेली पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे कवच, तीही थांबते. गोळी मात्र आपल्या वेगातच राहते आणि पुंगळीच्या तोंडातून सुटून पोकळीत पडते. दारूही तिच्यामागे येते. आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की दांड्याचे बूड दगडावर ठोकतात आणि पाते आपोआप घट्ट बसते, त्यामागे हेच तत्त्व आहे. यात कुठेही काडतुसाच्या बुडावर थेट घाव बसत नाही. हातोडी म्हटल्यावर पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते खरे, पण ही एक गोष्ट समजली की अवजाराची रचना किती विचारपूर्वक केली आहे हे ध्यानात येते.

हे तत्त्व जडत्वाचे असल्यामुळे गोळी जितकी जड, तितकी ती लवकर सुटते. पिस्तुलाची २३० ग्रेनची, म्हणजे जवळपास १५ ग्रॅमची गोळी दोन-चार ठोक्यांत बाहेर येते. रायफलची ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी मात्र चांगलीच दमवते. पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळलेले असेल तर आणखी वेळ लागतो. सैनिकी काडतुसांत ओल शिरू नये म्हणून गोळीभोवती डांबरासारखा किंवा लाखेसारखा थर दिलेला असतो. तिथे हातोडी आपटणाऱ्याचा धीर सुटतो आणि तो जोर वाढवत नेतो. माझ्या मते या अवजाराचा खरा दोष इथे आहे. गोळी सुटायला किती जोर पुरेसा आहे हे हाताला कळत नाही, आणि जोर लावण्याला काही मर्यादा आहे असे सुचवणारी कोणतीही सोय अवजारात नाही.

आता हे अवजार मुळात कशासाठी आहे ते पाहू. घरी काडतूस भरताना वापरलेली पुंगळी स्वच्छ करून तिच्या बुडात नवी टोपी, म्हणजे आघाताने पेटून दारूला आग देणारी लहानशी वाटी, बसवतात, मोजून दारू घालतात आणि वर गोळी दाबतात. या क्रमात चुका होतात. पिस्तुलाच्या पुंगळीत दारूचा भार इतका थोडा असतो, की हातून दुप्पट पडला तरी तो बाहेर सांडत नाही आणि नुसत्या नजरेला लक्षात येत नाही. असे काडतूस झाडले तर हत्यार फुटू शकते. कधी तराजूचा काटा सरकलेला असतो, कधी गोळी गरजेपेक्षा खोल किंवा उथळ बसते, कधी एका डब्याऐवजी दुसऱ्या डब्यातली दारू घातल्याचे उशिरा लक्षात येते. अशी संशयास्पद काडतुसे झाडून पाहण्यापेक्षा उकलणे केव्हाही बरे, आणि हातोडी त्यासाठी आहे. म्हणजे तिच्यात जाणारे काडतूस हे भरणाऱ्याने स्वतः, अलीकडेच, आपल्या वहीत नोंद करून भरलेले असते. टोपी कोणती, दारू कोणती, भार किती, ही सगळी माहिती त्याच्या हाताशी असते. चूक नेमकी कुठे झाली एवढेच कळायचे राहिलेले असते. पुतण्याला मी विचारले, की सापडलेले एखादे जुने काडतूस तू यात घालशील का. तो म्हणाला, ‘‘काका, ज्याची नोंद माझ्या वहीत नाही, त्याला मी हातोडी लावत नाही.’’ त्याचा हा नियम मला सूचनापत्रकातल्या सगळ्या इशाऱ्यांपेक्षा मोलाचा वाटला.

सूचनापत्रकातले इशारेही गंभीर आहेत, आणि त्यामागची कारणे समजून घेतल्याशिवाय ते पाळले जात नाहीत. पहिला इशारा पॉइंट टू-टू सारख्या रिमफायर काडतुसांविषयी आहे. या काडतुसांना वेगळी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते. हातोडीच्या पाकळ्या धरतात ती नेमकी हीच कड. तेव्हा असे काडतूस हातोडीत घालणे म्हणजे पेटणारा भागच चिमट्यात पकडून आपटणे होय. दुसरा इशारा प्रकाशरेषा सोडणाऱ्या, आग लावणाऱ्या किंवा स्फोटक गोळ्यांविषयी आहे. त्यांच्या गोळीतच रसायन असल्यामुळे त्या उकलण्याचा विचारही घरी करू नये. तिसरी गोष्ट पकडीची. पाकळ्या सारख्या हलतात, रबरी कडे निसटते, म्हणून कंटाळून काही जण त्याऐवजी काडतूस भरण्याच्या प्रेसमधला, म्हणजे दाबयंत्रातला, पुंगळीचे बूड धरणारा शेलहोल्डर झाकणाखाली बसवतात. काम भरभर होते हे खरे; परंतु टोपीमागची मोकळी जागा हातोडीबरोबर आलेल्या पकडीत राखलेली असते, ती दुसऱ्या सुट्या भागात राखली जाईलच याची खात्री नसते. टोपी पुंगळीच्या बुडातून किंचित वर आलेली असेल, तर ते काडतूस या अवजारात घालूच नये.

काडतूस हातोडीत पेटले तर काय होते, याविषयी आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. गोळी बंदुकीतून सुटावी तशी सुटेल असे काहींना वाटते, आणि नळीत नसलेले काडतूस निरुपद्रवी असते असे इतरांना वाटते. नळीचा आधार नसल्याने गोळीला फारसा वेग मिळत नाही, हे बरोबर आहे. पण त्याच आधाराच्या अभावी पुंगळी फाटते आणि पितळेचे तुकडे, टोपी व प्लॅस्टिकच्या चिरफळ्या वेगाने उडतात. डोळा जायला एवढे पुरेसे आहे. म्हणून संरक्षक चष्मा हा या अवजाराचाच एक भाग मानला पाहिजे, आणि हातोडी आपटताना झाकणाची बाजू, म्हणजे टोपीची बाजू, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या तोंडासमोर येऊ देता कामा नये. पुतण्याच्या गॅरेजात बाकीची काडतुसे आणि दारूचे डबे कामाच्या टेबलावरून आधी उचलले जात, एका वेळी एकच काडतूस समोर असे आणि प्रत्येक वेळी पोकळी पूर्ण रिकामी करून झटकली जाई. ही शिस्त अवजाराबरोबर खोक्यात मिळत नाही.

गोळी निघाल्यावर काम संपले असे वाटते, पण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. समोर तीन वस्तू असतात : गोळी, दारू आणि जिवंत टोपी बसलेली पुंगळी. यांत टोपी सर्वांत लहान आणि सर्वांत चिडखोर. तिच्यात साधारणतः लेड स्टिफनेट हे आघाताने पेटणारे शिशाचे संयुग असते. टोपीवर तेल ओतले की ती मरते, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यावर विसंबू नये, कारण तेलात राहिलेली टोपीसुद्धा पेटू शकते. पुतण्या अशी पुंगळी टोपीसकट बाजूला ठेवतो आणि पुन्हा भरण्यासाठी वापरतो, आणि मला तेच शहाणपणाचे वाटते. खिळा व हातोडी घेऊन जिवंत टोपी मागून ठोकून काढणे म्हणजे बंदुकीच्या घोड्याचे काम स्वतःच्या हाताने करणे आहे.

दारूविषयी तर गैरसमज फार आहेत. आजच्या काडतुसांतल्या धूरविरहित दारूचे मूळ नायट्रोसेल्युलोजमध्ये आहे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये ती प्रथम यशस्वीपणे तयार केली. आजच्या काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असते. तिचे दाणे कधी चपट्या चकत्यांसारखे, कधी बारीक कांड्यांसारखे, तर कधी गोल असतात; पण दोन वेगवेगळ्या वेगांनी जळणारे प्रकार दिसायला अगदी सारखे असू शकतात. म्हणून उकललेल्या काडतुसातली दारू ओळखीची वाटते म्हणून दुसऱ्या डब्यात ओतणे हा या छंदातला मोठा अपराध समजला जातो. दारू सांडली तर ती घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, कारण त्याच्या मोटारीत ठिणगी असते. बिडी-सिगारेट, समई, उदबत्ती यांपैकी काहीही त्या खोलीत नको, हे वेगळे सांगायला नको. शिशाच्या धुळीमुळे काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणे-पिणे करू नये आणि घरातली लहान मुले व गरोदर स्त्रिया त्या खोलीपासून दूर असाव्यात.

याच कामाचे दुसऱ्या धाटणीचे अवजार म्हणजे प्रेसवर बसणारा कॉलेट पुलर. हॉर्नडी आणि आरसीबीएस या दोन्ही अमेरिकी कंपन्या तो बनवतात. यात प्रेस पुंगळीला खालून धरून ठेवते, कॉलेट गोळीला वरून आवळते आणि प्रेसची तरफ फिरवली की पुंगळी खाली सरकते. आपटणे नाही, आवाज नाही, दारू पुंगळीतच राहते आणि जोर हाताला कळतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला हाच प्रकार अधिक पटला. त्याच्याही मर्यादा आहेत : प्रत्येक व्यासाच्या गोळीला वेगळे कॉलेट विकत घ्यावे लागते, पुंगळीबाहेर फारसा भाग नसलेली पिस्तुलाची आखूड गोळी त्याच्या पकडीत येत नाही, आणि मऊ शिशाची गोळी चेपून जाते. शिवाय प्रेस असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. हातोडी साधारण २० ते ३० डॉलरांत मिळते आणि एकाच हातोडीवर रायफल व पिस्तुलाची बहुतेक काडतुसे उकलता येतात, म्हणून ती घरोघरी दिसते.

बहुतेक म्हटले, सगळी नव्हे. आणि इथून मराठवाड्याचा प्रश्न सुरू होतो. आपल्याकडे शेतराखणीसाठी रानडुकरे आणि रोह्यांच्या भीतीने घेतलेल्या परवान्यांवर सर्वाधिक दिसणारी बंदूक बाराबोरची आहे. बाराबोरच्या काडतुसात एक गोळी पुंगळीच्या तोंडात आवळून बसवलेली नसते. त्यात खाली दारू, मध्ये नमद्याचा किंवा प्लॅस्टिकचा गट्टू, वर छर्रे आणि तोंडाला दुमडलेली घडी किंवा चकती असते. हातोडीच्या पाकळ्या त्या रुंद बुडासाठी नसतात आणि जडत्वाने सुटायला तिथे एकसंध गोळीही नसते. ज्याच्याकडे बाराबोर आहे, त्याच्यासाठी हे अवजार निरुपयोगी आहे, एवढे एक वाक्य त्या चित्रफितींखाली लिहिलेले असते तरी पुष्कळांचे पैसे वाचले असते. मग माणूस ब्लेड, पक्कड आणि शिकंजा यांच्याकडे वळतो, आणि ते हातोडीपेक्षाही वाईट.

जुन्या काडतुसांची गोष्ट अधिक काळजी करण्यासारखी आहे. माळवदाच्या घरांत, देवळीत किंवा लाकडी पेटीत निजामी अमदानीपासूनची काडतुसे अजूनही निघतात. काहींची पुंगळी कागदी असते. पावसाळ्यातल्या ओलीने ती फुगते आणि बंदुकीच्या नळीत धड शिरत नाही, शिरली तर निघत नाही. आत काळी दारू आहे की धूरविरहित, हे बाहेरून सांगता येत नाही. काळी दारू सोरा, गंधक आणि कोळशाची असते आणि ठिणगीला फार लवकर पेटते. धूरविरहित दारूत तिचे विघटन रोखण्यासाठी डायफेनिलअमाइनसारखे द्रव्य घातलेले असते, पण ते कायमचे पुरत नाही. उष्णतेने ते लवकर संपते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीतला उकाडा त्याहून जास्त असतो. अशा खोलीत वर्षानुवर्षे पडलेल्या काडतुसाची दारू कोणत्या अवस्थेत आहे हे पेटी पाहून कळत नाही. बिघडलेल्या दारूला आंबूस, झोंबणारा वास येतो आणि कधी तांबूस धूर दिसतो. पुंगळीवर हिरवट गंज चढला असेल तर गोळी आणि पितळ एकमेकांत इतके घट्ट चिकटलेले असतात, की ती ओढताना लावावा लागणारा जोर हेच संकट ठरते.

बुडावर ‘के.एफ.’ अशी खूण दिसली, की लोकांना विश्वास वाटतो. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे. १८६९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना आणि १९६४ पासूनचा वरणगावचा कारखाना हे दोन्ही ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. कारखान्याचा माल नवा असताना भरवशाचा असतोच. पण खूण काडतूस कुठे बनले ते सांगते. ते कुणाच्या घरात, किती उन्हाळे आणि किती ओल खात पडले होते, ते सांगत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात, परंतु स्पष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी, विक्रीशिवाय, काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. म्हणून पुतण्याच्या गॅरेजात जे चालते ते तिथे रीतसर आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही ‘दारूगोळा’ या शब्दात समावेश होतो. कलम ५ नुसार निर्मितीला वेगळा परवाना लागतो, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. या कलमाचा भंग करून निर्मिती केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षांची, आणि जन्मठेपेपर्यंत जाऊ शकणारी शिक्षा आहे. तेव्हा भाच्या-पुतण्यांना येताना हातोडी, कॉलेट किंवा प्रेस सामानातून आणायला सांगणाऱ्यांनी आधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत विचारावे. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर ‘ही नुसती हातोडी आहे’ हे पटवणे कठीण जाईल.

घरातल्या जुन्या काडतुसांसाठी मार्ग आहे आणि त्याला कोणतेही अवजार लागत नाही. परवानाधारक हयात असेल आणि काडतुसे त्याच्या परवान्यावर नोंदलेली असतील, तर ती न उघडता परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला दाखवावीत. परवानाधारक वारला असेल किंवा परवान्याची मुदत संपली असेल, तर कलम २१ प्रमाणे शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. वारसाने परवान्यासाठी अर्ज करणे ही त्यानंतरची गोष्ट. जमा केल्याची पोचपावती मागून घ्यावी. विहिरीचा गाळ काढताना किंवा पडका वाडा उतरवताना अनोळखी काडतूस, गोळा अथवा तशी वस्तू सापडली, तर ती हातात घेऊ नये, मोटारसायकलच्या डिकीत घालून ठाण्यापर्यंत नेऊही नये. जागेवरच सोडून, माणसे लांब करून ११२ वर कळवावे. पोलिसांचे बॉम्बशोधक व नाशक पथक त्यासाठीच असते.

अवजाराला गुण द्यायचे झाले तर टेक्सासमधल्या वहीवाल्या छांदिष्टासाठी मी हातोडीला पाचपैकी चार देईन. एक गुण निसटणाऱ्या रबरी कड्यासाठी आणि जोराचा अंदाज न येण्यासाठी कापला आहे. कॉलेट पुलरला, प्रेस आधीच घरात असेल तर, साडेचार. परभणीच्या बाराबोरवाल्यासाठी दोघांनाही शून्य, आणि त्या पैशांत खडकीच्या ताज्या काडतुसांची एक पेटी परवान्यावर नोंदवून घेतलेली कितीतरी बरी.